आधी अंधार ठरवा

नमस्कार. जुन्या चौकात नवे दिवे लावायचे ठरलं की पहिली चर्चा खांबांची होते. बिडाचे की पोलादी, कंदिलाच्या घाटाचे की साधे. खांब दिवसाही दिसतो, त्यामुळे त्याबद्दल सगळ्यांनाच बोलता येतं. मी आज खांब बाजूला ठेवतो. या चौकात उजेड कुठे नको, हे आधी ठरवा, असं मला सांगायचंय.

एक प्रयोग करून बघा. रात्री अशा चौकात उभे राहा आणि समोरचा प्रखर दिवा तेवढा तळहाताने झाका. आत्तापर्यंत काळीठिक्कर वाटणारी कमान दिसू लागेल. मग आतली पायरी, पायरीवर बसलेलं माणूस. आपण उजेड अडवला आणि जास्त दिसलं! दिव्याचा झोत थेट डोळ्यात शिरला की तो आतल्या आत विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धुक्यासारखा पसरतो. लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक; पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास, बहुतेकदा त्याहूनही कमी असतं. तरी त्यात वाट सापडते. म्हणून दिवा स्वतः दिसू नये, त्याने उजळलेली भिंत दिसावी. भिंती मंद उजळल्या की चौकाची हद्द कळते, आणि त्या परतलेल्या उजेडात समोरून येणाऱ्याचा चेहराही ओळखू येतो. चौकात निर्धास्त वाटतं ते चेहरा दिसला की. नुसती फरशी लखलखून काही होत नाही.

आता इमारतीच्या जवळ जाऊ. जुन्या कारागिराने दगड घडवला तो उन्हाच्या हिशेबाने. ऊन वरून येणार, छज्ज्याची सावली खाली पडणार, महिरपीची कड त्या सावलीत उठून दिसणार. आपण जमिनीत दिवे पुरून झोत वर मारतो तेव्हा हा सगळा हिशेब उलटतो. हनुवटीखाली बॅटरी धरल्यावर ओळखीचा चेहराही परका वाटतो ना, तसंच होतं. आणि लांबून, समोरून सपाट झोत टाकला तर सावल्याच पुसल्या जातात. भिंत कागदासारखी दिसते. तोच दिवा भिंतीच्या कडेला, तिरका लावा. टाकीचा एकेक घाव मोजता येतो. मला या कामात सर्वांत आनंद देणारा क्षण तोच. तिथे फार कमी उजेड पुरतो, आणि कोनाडे अंधारात राहिले तरी राहू द्यावेत. तो अंधारही त्या इमारतीचाच आहे.

रंगाचं म्हणाल तर 2017 मध्ये रोममध्ये सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले जात होते, तेव्हा आपलं शहर थंड, परकं दिसतंय म्हणून रहिवाशांनी आवाज उठवला. मला त्यांचं म्हणणं पटतं. सोडियम परत आणा असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या उजेडात लाल वीट आणि हिरवं पान सारखंच मळकट दिसतं. 2200 ते 2700 केल्व्हिनचा, म्हणजे उबदार पिवळसर छटेचा, रंग नीट दाखवणारा एलईडी आज मिळतो. त्यात निळा अंश कमी, त्यामुळे किडेही कमी ओढले जातात.

बसवताना दगडाला भोक पाडू नका. खिळा, पट्टी, वायर, जे काही जाईल ते सांध्यातल्या चुन्यातून. उद्या दिवा काढला तर चुना पुन्हा भरता येतो. दगड भरता येत नाही.

आणि खरेदीआधी एक रात्र मागून घ्या. शिडी, तात्पुरते दोन-तीन दिवे, एवढं पुरे. शक्यतो फरशी ओली असताना, कारण ओला दगड आरसा होतो आणि कागदावर न दिसलेली सगळी चमक तिथे उघडी पडते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्यांच्या झोपायच्या खोलीत जाऊन घरातला दिवा बंद करायला सांगा. छतावर उजेडाचा पट्टा दिसला असं त्यांनी खिडकीतून सांगितलं, तर शिडीवरच्या माणसाने तिथल्या तिथे दिव्याचं तोंड फिरवायचं, आणि पट्टा जाईपर्यंत फिरवत राहायचं.