गौताळ्याचे तीन हिरवे महिने

[दृश्य : मे महिना. करडी डोंगरउतरण, पानगळ झालेली झाडं. आवाज फक्त वाऱ्याचा.]

मे महिन्यात गौताळ्याला कुणी फिरायला येत नाही. कन्नड गाव सोडलं, हिवरखेड्याचं गेट ओलांडलं, की दोन्ही बाजूंना नुसत्या काड्या रोवल्यासारखं जंगल. सालई, मोई, धावडा, सगळे उघडे. नवखा पाहुणा विचारतो, "अभयारण्य कुठंय?" गाडी तेव्हा अभयारण्यातूनच चाललेली असते.

[दृश्य : तोच रस्ता. जुलैअखेरचा रविवार. धुकं, गाड्यांची रांग.]

हाच तो रस्ता. मध्ये दोन-अडीच महिने गेलेत, एवढंच.

संभाजीनगरहून साठेक किलोमीटर. पोहे खाऊन निघालेला माणूस दहाच्या आत इथं पोहोचतो. जालन्याची गाडी, बीडची गाडी, खालून चाळीसगावकडून आलेल्या दुचाक्या. भाजलेल्या कणसांचा धूर, धबधब्याखाली शर्ट काढून उभी पोरं, आणि एखाद्या गाडीची डिकी उघडून लावलेली गाणी.

या गर्दीला नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही ठेवणार नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. ज्या मुलखात उन्हाळाभर टँकरच्या खेपा मोजल्या जातात, तिथला माणूस पहिल्या पावसानंतर हिरव्याकडे धावणारच. अडचण त्याच्या येण्यात नाही, त्याच्या येण्याच्या वेळेत आहे.

[दृश्य : रस्त्याकडेचं डबकं. पाण्यात बेडकांची अंडी. कॅमेरा वर येतो, शेजारी टायर.]

ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पाचा गाभा दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. रस्ते चिखलाचे होतात हे एक कारण, आणि जंगलाची वीण याच दिवसांत असते हे दुसरं. गौताळ्यात मात्र नेमकी याच तीन महिन्यांत जत्रा भरते. उरलेले नऊ महिने जंगलाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. म्हणजे आपलं वेळापत्रक आणि जंगलाचं बाळंतपण एकाच तारखांवर येऊन बसलंय.

पहिल्या दमदार पावसात बेडूक बाहेर पडतात. त्यांना तळं लागत नाही, रस्त्याकडेचं वीतभर डबकं पुरतं. गाडी बाजूला घेताना चाक जातं ते तिथंच. याच दिवसांत नवरंग पक्षी जमिनीवर किंवा खालच्या झुडपात काटक्या-पानांचं भलंमोठं गोल घरटं बांधतो. त्याची शीळ दोन सुरांची असते, पहाटे आणि सांजेला. मादीला बोलवायचं, हद्द सांगायची, सगळं या दोन सुरांत. डिकीतल्या स्पीकरशी तो बिचारा काय स्पर्धा करणार!

वानरांची गोष्ट वेगळी, त्यांना गर्दी आवडते. बिस्किटाच्या पुड्यासाठी पूर्ण टोळी रस्त्यावर येऊन बसते. पाला, फळं खाणारा प्राणी कुरकुऱ्यांच्या नादी लागतो, आणि वळणावर गाडीखाली येतो. देणाऱ्याला मात्र आपण पुण्य केलं असंच वाटत असतं.

[दृश्य : अभयारण्याचा नकाशा. मधून जाणारी रस्त्याची रेघ.]

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. एवढ्या जंगलात माणसं किती मावतील? व्याघ्र प्रकल्पांपुरता याचा हिशोब घालून दिलेला आहे : गाभ्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नको, आणि रस्त्याची लांबी, दोन गाड्यांमधलं अंतर यांवरून गाड्यांचा आकडा ठरवायचा. पण तो हिशोब सफारीचा. इथं मधोमध कन्नड-नागद रस्ता आहे. नागदच्या माणसाला कन्नडच्या बाजाराला, दवाखान्याला यायचंय. त्याला कसा अडवणार? आणि मजा करायला आलेला तरी त्याच रस्त्याने येतो.

म्हणून आम्हाला वाटतं, डोकी मोजून फारसं काही हाती लागणार नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यावं, थांबणाऱ्याला जागा नेमून द्यावी. जंगलाला त्रास होतो तो थांबलेल्या गाडीचा.

[दृश्य : फर्दापूर फाटा. उभ्या बस, माणसांची रांग.]

हे आपल्याकडे झालेलंही आहे, याच जिल्ह्यात. अजिंठ्याला तुमची गाडी फर्दापूर फाट्यावरच थांबते. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, फ्लॅश चालत नाही, कारण श्वासातल्या दमटपणानेही रंगांना धोका असतो. दुकानंही लेण्यांच्या पायथ्यापासून उठून फाट्यावरच्या बाजारसंकुलात गेली. कुरकुर झाली, अजूनही होते. पण गाडी थेट लेणीपर्यंत नेऊ द्या, असा हट्ट आता कुणी धरत नाही.

मग हिवरखेड्याच्या गेटवर, निदान पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी, बस का नको? कणसं विकणाऱ्या मावशींची शेगडी गेटवर येईल. त्यांचं वर्षाचं गणित याच बारा-पंधरा रविवारांवर असतं. त्यांना वगळून केलेली कुठलीही योजना दुसऱ्याच आठवड्यात मोडेल.

[दृश्य : पितळखोरे. खाली उतरणाऱ्या पायऱ्या, ओहोळ, ढासळलेला दर्शनी भाग.]

याच अभयारण्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. इथला दगड मुळातच ठिसूळ, दर्शनी भाग बराचसा कोसळलेला. एका खांबावर पैठणच्या गंधी घराण्यातल्या मितदेवाचं नाव आहे, खांब त्याच्या दानातला. इथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने, हे मी घडवलं, असं कोरून ठेवलंय. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाव कोरायला काहीतरी द्यावं किंवा घडवावं लागत होतं. आता खिळा पुरतो.

[दृश्य : येडशी. रामलिंग मंदिर, श्रावणातली गर्दी, कठड्यावर माकडं.]

धाराशिवकडे येडशीच्या रामलिंगलाही हेच. अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर, आत महादेवाचं देऊळ, जटायूच्या समाधीची आख्यायिका, आणि श्रावण सोमवारची दर्शनाची रांग. देवाला येणाऱ्याला पर्यटक म्हणता येत नाही. तिथं वनखात्यापेक्षा देवस्थानचा शब्द चालेल. प्लास्टिक खाली ठेवून या, हे पुजाऱ्याने सांगितलेलं जास्त ऐकतात.

[दृश्य : रिकामी जंगलवाट, झाडाला बांधलेला कॅमेरा.]

आणि या एवढ्याशा रानांत वाघ येऊन गेलाय. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, कित्येक दशकांनी. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या पुढचं अंतर. शेतं, रस्ते, गावशिवारं ओलांडत. २०२४ च्या अखेरीस येडशीच्या रानात दिसलेला वाघही टिपेश्वरचाच. तूर-कापसातून इतकं चालत आलेल्या त्या जनावराला पाहण्यासाठी गाड्यांची कशी रांग लागली असती, याची कल्पना करून पाहा. त्यातल्या त्यात बरं, गौताळ्यातला तो मार्चमध्ये आला. आपल्या लेखी तेव्हा तिथं काहीच नसतं.

[दृश्य : रविवार, संध्याकाळ. शेगडीतले निखारे विझतायत. मावशी कणसांची पानं गोळा करून पोत्यात भरतायत. शेवटच्या गाडीचे लाल दिवे वळणाआड.]

पावणेसात.

[निवेदन थांबतं. वीस सेकंद संगीत नाही. पाण्याचा आवाज, बेडूक, आणि दुरून नवरंगाची दोन सुरांची शीळ. थोड्या वेळाने दुसरीकडून तिला उत्तर.]