आपलंच रक्त, आपल्याच गुडघ्यात

हे फिरतंय ते सेंट्रीफ्यूज. हातातून काढलेलं रक्त त्यात गरगर फिरतं आणि थरांत वेगळं होतं. तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग म्हणजे पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). जखम झाली की प्लेटलेट्स रक्त गोठवतात आणि पेशी वाढवणारी प्रथिनं सोडतात. तीच दुरुस्ती दुखऱ्या सांध्यात व्हावी, या आशेनं हे इंजेक्शन देतात.

२००८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या ताकाशी साइतोच्या कोपरातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, दुखावला. शस्त्रक्रिया टाळून त्यानं पीआरपी घेतलं आणि त्याच हंगामात तो परत खेळला. पुढच्या वर्षी अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी हाइन्स वॉर्डनंही ते गुडघ्यात घेतलं. मग मागणी वाढतच गेली. पण दुखावलेला लिगामेंट कधी कधी विश्रांतीनंही सांधतो. खेळाडू परतला तो इंजेक्शनमुळेच, हे कशावरून?

मेलबर्न विद्यापीठाच्या किम बेनेल आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेबाबत हाच प्रश्न धसास लावला. मेलबर्न आणि सिडनीतले २८८ रुग्ण, सगळे पन्नाशीपुढचे. रक्त सगळ्यांचंच काढलं. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. आत काय आहे, ते रुग्णाला माहीत नव्हतं आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं.

निकाल २०२१ मध्ये आला. वर्षभरानंतर दहाच्या मापावर पीआरपी घेतलेल्यांची वेदना सरासरी २.१ नं उतरली होती, आणि मिठाच्या पाण्यानं १.८ नं. हा फरक नगण्य. कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, दोन्ही गटांत जवळपास सारखीच झिजली होती.

इथे थांबून नीट पाहायला हवं. ज्यांना बरं वाटलं, ते खोटं बोलत नव्हते. वेदना खरंच उतरली होती, फक्त ती उतरायला पीआरपीची गरज पडली नव्हती. हे रुग्णाला पैसे भरण्याआधी सांगितलं गेलंच पाहिजे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये टाचेमागच्या दुखऱ्या स्नायुबंधावर (अकिलीस टेंडन), २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही पीआरपी सरस ठरलं नाही.

टेनिस एल्बोचं, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचं, चित्र जरा वेगळं आहे. नेदरलँड्समधल्या १०० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानं पीआरपी स्टेरॉइडपेक्षा चांगलं ठरलं. मात्र तिथे तुलना मिठाच्या पाण्याशी नव्हती, आणि स्टेरॉइडनं सुरुवातीला मिळणारा आराम पुढे टिकत नाही.

शिवाय पीआरपी सगळीकडे एकसारखं नसतं. किट बदललं, फिरवण्याचा वेग बदलला की प्लेटलेट्सचं प्रमाण बदलतं. म्हणून डॉक्टरांना विचारा: माझ्या दुखण्यावर मिठाच्या पाण्याशी तुलना झालेली चाचणी आहे का? मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं हे आधी करून झालं का?