लॉनचं वर्ष पानगळीत सुरू होतं

नमस्कार. बर्फ वितळला, कोवळं ऊन पडायला लागलं की सगळ्यांनाच बागेची आठवण होते. खताची पोती येतात, बियांची पाकिटं येतात, नवं दाताळं येतं. महिनाभर लॉन हिरवंगार दिसतं. मग उन्हाळा येतो आणि तेच लॉन पिवळं पडतं. बरेच जण मला लिहितात, "एवढं सगळं केलं, तरी असं का?" मेहनत कमी नसते हो. ती चुकीच्या ऋतूत झालेली असते. जिथे चारही ऋतू वेगवेगळे जाणवतात, तिथे लॉनचं वर्ष पानगळीत सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज सुरुवात पानगळीपासून, आणि सगळ्यात जास्त वेळही तिलाच.

त्याआधी तुमचं गवत कुठलं ते ओळखा. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, पेरेनियल रायग्रास ही थंडी मानवणारी गवतं. हवा १५ ते २४ अंश सेल्सिअस असली की ती जोमात असतात, आणि मुळं तर माती त्याहून गार, म्हणजे १० ते १८ अंश असताना सगळ्यात छान वाढतात. दुसरा गट उष्णतेत वाढणाऱ्यांचा: बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, झोयशिया वगैरे. त्यांना २७ ते ३५ अंश हवे असतात. थंडी पडली की ती तपकिरी होऊन झोपतात आणि वसंत बराच सरल्यावर जागी होतात. त्यांना बी आणि खत उन्हाळ्याच्या तोंडावरच द्यायचं. कडक हिवाळ्याच्या भागात बहुतेक लॉनमध्ये पहिला गट असतो, त्यामुळे आज त्याचंच बोलते.

मी महिन्यांची नावं मुद्दाम घेणार नाही. मार्चमध्ये उत्तर गोलार्धात वसंत असतो, दक्षिणेत पानगळ. आणि एकाच प्रदेशात डोंगरावरची बाग खालच्या बागेपेक्षा कितीतरी मागे चालते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर सकाळी ५ सेंटिमीटर खोल मातीत खुपसा. कॅलेंडरपेक्षा तो जास्त खरं सांगतो.

[क्लोजअप: थर्मामीटर मातीत]

आता पानगळ. हवा गार झालेली असते, पण मातीत उन्हाळ्याची ऊब टिकून असते. बी रुजायला याहून चांगली वेळ नाही. शिवाय क्रॅबग्राससारखी एका हंगामाची तणं पहिल्या फ्रॉस्टला, म्हणजे पहिल्या गोठवणाऱ्या थंडीला, मरतातच, त्यामुळे कोवळ्या गवताला स्पर्धा उरत नाही. वसंतात पेरलेल्या बीचं काय होतं बघा: ते रुजतं, मुळं जेमतेम दोन बोटं खाली जातात, आणि तेवढ्यात उन्हाळा अंगावर येतो. पानगळीत पेरलेल्या गवताला तीच उष्णता सोसण्याआधी पानगळीचा उरलेला काळ आणि पुढचा अख्खा वसंत मिळतो.

पहिला कडक फ्रॉस्ट तुमच्याकडे साधारण कधी पडतो ते माहीत करून घ्या आणि त्याच्या ६ ते ८ आठवडे आधी पेरा. रायग्रास ५ ते १० दिवसांत डोकं वर काढतं, फेस्क्यूला आठवडा-दोन आठवडे लागतात, ब्लूग्रासला मात्र ३-४ आठवडेही लागू शकतात. ब्लूग्रास पेरून दहाव्या दिवशी "बी खराब निघालं" म्हणून हताश होऊ नका.

पण बी नुसतं वरून भुरभुरवू नका. ते मातीला चिकटलं पाहिजे. माती पायाखाली दबून घट्ट झाली असेल तर आधी एअरेशन करा, म्हणजे हवा खेळावी म्हणून मातीत भोकं पाडा. पोकळ दातांचं यंत्र जमिनीतून मातीच्या ५ ते ८ सेंटिमीटरच्या कांड्या उपसून काढतं. नुसते खिळे टोचणारं यंत्र मला पटत नाही, त्याने भोकाच्या कडेची माती उलट अजून दाबली जाते. उपसलेल्या कांड्या तिथेच राहू द्या, पावसापाण्याने विरघळतात. मग बी टाका, दाताळ्याने हलकेच मातीत कालवा, वर कंपोस्टचा पातळ थर. रुजेपर्यंत वरची माती सुकू द्यायची नाही. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी. रुजल्यावर पाण्याच्या वेळा कमी करत जायचं आणि प्रत्येक वेळी जास्त खोलवर भिजवायचं.

ज्यांच्याकडे टॉल फेस्क्यू आहे त्यांनी हे दरवर्षी मनावर घ्या. ब्लूग्रास जमिनीखालून फुटवे काढून रिकाम्या जागा स्वतः भरून काढतो. टॉल फेस्क्यू ठोंब धरून वाढतो. त्यात पडलेलं टक्कल तुम्हालाच भरावं लागतं.

खतही याच ऋतूत. पानांची वाढ मंदावलेली असते, पण पाती हिरवी असतात आणि अन्न तयार करत असतात. आता मिळालेल्या नायट्रोजनमुळे ती जास्त काळ हिरवी राहतात आणि तयार झालेलं अन्न मुळांजवळ साठतं. पुढच्या वसंतात लॉन आपोआप लवकर हिरवं होतं ते याच साठ्यावर. एका वेळी दर चौरस मीटरला ५ ग्रॅम नायट्रोजन पुरे. पोत्यावर नायट्रोजन २० टक्के लिहिलं असेल तर चौरस मीटरला २५ ग्रॅम खत होतं. जमीन गोठल्यावर मात्र टाकू नका. ते मुळांना मिळत नाही, वाहत जाऊन ओढ्या-तळ्यांत पोचतं आणि तिथे शेवाळ माजतं. तुमच्या भागात खताबद्दल काही नियम असतील तर तेही बघून घ्या.

आणि पालापाचोळा! तो पिशव्यांत भरून फेकताना बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. पानं लॉनवर जाड थराने पडून राहिली तर खालचं गवत गुदमरतं, हे खरं. पण सुकी पानं असताना मॉवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, दोन-तीनदा फिरवा, त्यांचा चुरा गवताच्या पात्यांमध्ये उतरतो आणि गांडुळं तो मातीत ओढून नेतात. चुरा केल्यावर पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत, एवढंच बघायचं. जास्तीची पानं झुडपांखाली आच्छादनाला, नाहीतर कंपोस्टला.

लसूण आणि ट्युलिपचे कंदही आताच लावायचे. दोघांनाही थंडी लागतेच. ट्युलिपला फुलण्याआधी १२ ते १६ आठवड्यांचा गारवा हवा असतो, आणि लसणीला तो मिळाला नाही तर पाकळ्या नीट सुट्या होत नाहीत, एकच गोल गड्डा होऊन बसतो. ट्युलिप १५ सेंटिमीटर खोल, लसूण ५ ते ७.

वसंतात माझं सांगणं उलट आहे: थांबा. ओल्या मातीत पाय घालू नका, खणू तर नकाच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. तो फुटला तर काम सुरू करा. चिखलासारखा राहिला तर अजून चार दिवस जाऊ द्या. आणि लगेच खत टाकू नका. वसंताच्या सुरुवातीच्या भरपूर नायट्रोजनने पाती सुसाट वाढतात आणि मुळं मागे राहतात. उन्हाळ्यात पिवळं पडणाऱ्या लॉनची गोष्ट बहुतेक वेळा इथून सुरू होते. द्यायचंच तर वसंत सरताना, थोडंसं.

क्रॅबग्रासचं बी वरची माती सलग काही दिवस १३ अंशांच्या आसपास राहिली की रुजायला लागतं. ते रोखणारं औषध त्याआधी टाकावं लागतं. पण बहुतेक अशी औषधं तुम्ही पेरलेल्या गवताच्या बीलाही रोखतात. वसंतात तण अडवणं आणि लॉन पेरणं दोन्ही एकदम जमत नाही. पानगळीत पेरा म्हणते, त्याचं हेही एक कारण.

भाज्यांपैकी वाटाणा आणि पालक गार मातीतही लावता येतात. टोमॅटोला शेवटचा फ्रॉस्ट टळू द्या, आणि घरात वाढवलेली रोपं ७ ते १० दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवत सवय लावा. लायलॅक, फोर्सिथिया या वसंतात फुलणाऱ्या झुडपांची छाटणी फुलं संपल्या संपल्या करा. त्यांच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, उशिरा कात्री चालवली तर फुलंच कापली जातात.

उन्हाळ्यात मॉवरचं पातं वर घ्या. टॉल फेस्क्यू ८ ते १० सेंटिमीटर, ब्लूग्रास थोडा कमी. उंच गवताची सावली मातीवर पडते, ओल टिकते, तणाच्या बीला उजेड मिळत नाही, आणि मुळंही खोल जातात. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. कापलेलं गवत तिथेच राहू द्या, लॉनला वर्षभर लागणाऱ्या नायट्रोजनचा साधारण चौथा हिस्सा त्यातून परत मिळू शकतो.

पाणी आठवड्याला सुमारे अडीच सेंटिमीटर, पाऊस धरून. लॉनवर मोकळे डबे ठेवून मोजा. पहाटे द्या. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला ते फावतं. पाण्याची टंचाई असेल तर लॉनला झोपू द्या. ब्लूग्रास तपकिरी पडून ४ ते ६ आठवडे सहज काढतो. मुळाजवळ पातं सोलून बघा, बुडखा पांढरा आणि टणक असेल तर ते जिवंत आहे. दोन-तीन आठवड्यांनी एकदा सेंटिमीटरभर पाणी द्या, तो तगून राहील. पण मध्येच भरपूर पाणी देऊन जागं करायचं आणि पुन्हा तोडायचं, असं करू नका. प्रत्येक वेळी जागं होताना त्याचा साठा खर्च होतो.

हिवाळ्यात काम थोडं. बर्फ पडण्याआधीची शेवटची कापणी जरा खाली, ५-६ सेंटिमीटरवर, म्हणजे बर्फाखाली बुरशी कमी धरते. पाण्याचे पाइप रिकामे करा. गोठलेल्या गवतावर चालू नका, पात्यांमधल्या पेशी फुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. बर्फ वितळायला वाटेवर मीठ टाकत असाल तर तो बर्फाचा ढीग लॉनवर लोटू नका. मॉवरचं पातं याच दिवसांत धार लावून आणा. आणि जुन्या बियांच्या पाकिटातले १० दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा. ६-७ पेक्षा कमी रुजले तर पेरताना दाट पेरा, दोन-तीनच रुजले तर नवं बी मागवा.