झेरॉक्सला न दिसणारा नकाशा

[दृश्य : पातळ पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ उघडतं. आतल्या बाजूला फिकट निळा नकाशा.]

हा नकाशा १९७८ सालचा. टेबलाभोवती बसून, बोलून आणि कल्पनेनं खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी टीएसआर कंपनीनं काढलेल्या एका साहसाच्या, म्हणजे खेळायला तयार कथेच्या, पुस्तिकेतला. नीट बघा : दगड निळ्यानं भरलेला, दालनं पांढरी, त्यांवर बारीक निळ्या रेघांच्या चौकटी. एक चौकट म्हणजे दहा फूट. मुखपृष्ठ पुस्तिकेला जोडलेलं नाही, सुटंच आहे. खेळ चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, ते आपल्यापुढे आडोशासारखं उभं करतो आणि आतला नकाशा बघत राक्षसांच्या गढीतली एकेक खोली शब्दांनी उभी करतो. समोरचे खेळाडू ते ऐकत ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं स्वतःचा नकाशा काढत जातात. सगळी गंमत या झाकून ठेवण्यात आहे.

पण मग रंग निळाच का? खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जाणारं कारण असं, की झेरॉक्स निघू नये म्हणून.

त्यासाठी १९७४ मध्ये जायला हवं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे छोटं गाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या या खेळाच्या पहिल्या फक्त १००० प्रती निघाल्या. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. विद्यार्थ्याच्या खिशाला ती रक्कम जड होती आणि कॉलेजात झेरॉक्सचं यंत्र हाताशी होतं. मग व्हायचं तेच झालं. कंपनीचं नुकसान झालं, हे खरं. पण जिथे दुकानात खोकं मिळत नव्हतं, तिथे हा खेळ त्या काळ्यापांढऱ्या पानांनीच नेला, असं मला ठामपणे वाटतं.

[दृश्य : जुन्या झेरॉक्स यंत्राचं झाकण, खालून सरकणारा उजेड.]

आता यंत्राच्या पोटात डोकावू. आत सेलेनियम या मूलद्रव्याचा थर दिलेला एक गोल ड्रम असतो. त्याच्यावर विद्युतभार चढवतात. कागदावरून परतलेला उजेड जिथे पडतो, तिथला भार उतरतो. जिथे उजेड पोचत नाही तिथे भार टिकतो, त्याला काळी भुकटी चिकटते आणि तीच पुढे कागदावर उतरते. साधं सेलेनियम निळ्या उजेडाला चटकन दाद देतं, लाल उजेडाला मात्र जवळजवळ नाहीच. त्यामुळे फिकट निळी रेघ यंत्राच्या लेखी कोऱ्या कागदासारखीच. भार उतरतो, भुकटी बसत नाही, रेघ गायब!

लाल रंगाचं नेमकं उलटं. गडद लाल कागद यंत्राला काळाच वाटतो, त्यावरची अक्षरं त्या काळ्यात बुडून जातात. १९८९ साली संगणकावर आलेल्या 'सिमसिटी' या शहर वसवायच्या खेळानं हीच युक्ती वापरली. खोक्यातल्या लाल कागदावर शहरांची माहिती आणि चिन्हं होती. खेळ मध्येच त्यावरून प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं, की तुमच्या शहरावर संकटामागून संकटं कोसळायची.

या युक्त्या हुशारीच्या खऱ्या, पण त्यांचा त्रास आधी कुणाला झाला? पैसे मोजून घेणाऱ्याला. रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात लाल कागदावरची काळी चिन्हं वाचताना डोळे ताणायचे ते त्यानंच. शिवाय निळ्या नकाशावर साधा तोडगा होताच : समोर ठेवून हातानं उतरवून घ्यायचा. ग्राफ पेपरवर नकाशा काढायला तर याच खेळानं सगळ्यांना शिकवलं होतं.

पुढे यंत्रं सुधारली, रंगीत झेरॉक्स आली, घराघरात स्कॅनर आले. त्यांना हा निळा स्वच्छ दिसतो. त्या जुन्या पुस्तिका आता स्कॅन होऊन पीडीएफ रूपात रीतसर विकतही मिळतात. नक्कल अडवायला रंगाचा उपयोग उरलेला नाही. तरीही जुन्या धाटणीची साहसं लिहिणारे आजचे कितीतरी छोटे प्रकाशक आपले नकाशे मुद्दाम त्याच निळ्यात छापतात, आणि खेळणारे ते बघूनच पुस्तिका उचलतात.