आठवा अर्ज

(दृश्य : गावातला चौक. चर्चच्या कुंपणाला लागून काचेचा सूचनाफलक. काचेवर पावसाचे थेंब.)

हा फलक जरा जवळून पाहा. लाकडी चौकट, पुढे काच, काचेला छोटं कुलूप. आत टाचण्यांनी लावलेले कागद. शनिवारी सभागृहात केकविक्री आहे, त्याची जाहिरात. मागच्या बैठकीचं इतिवृत्त. आणि अगदी खाली, ओल धरून कोपरे वळलेला एक कागद : निवडणुकीची सूचना. पॅरिश कौन्सिल. जागा सात. मतदान ४ मे २०२३.

मी इंग्लंडमधल्या या गावात तेरा वर्षं राहतेय. बसथांब्याकडे जाताना हा फलक रोज लागतो. तो कागद मी वाचला, कारण त्या सकाळी बस आलीच नव्हती.

पॅरिश म्हटलं की आपल्याला चर्च आठवतं. वसईकडे त्याला धर्मग्राम म्हणतात. पण पॅरिश कौन्सिलचा चर्चच्या कारभाराशी संबंध नाही. ही इथली गावपातळीवरची लोकनियुक्त संस्था, साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या जागी असलेली. खेळाचं मैदान, बाकडी, बसथांब्याचा आडोसा, दफनभूमी, भाजी पिकवायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे, पायवाटा, काही गावांत रस्त्यावरचे दिवे, हे तिचं काम. घरपट्टीसारखा जो कौन्सिल टॅक्स असतो, त्यातला थोडा वाटा तिला मिळतो. गावात कुणी बांधकामाची परवानगी मागितली तर तिचं मत विचारलं जातं, निर्णय मात्र वरच्या कौन्सिलचा. सदस्यांना पगार नाही. पगार असतो क्लार्कला. आपल्या ग्रामसेवकाशी त्याची तुलना करता येईल, पण त्याला सरकार पाठवत नाही, कौन्सिलच नेमते. इंग्लंडमध्ये अशा सुमारे १०,००० कौन्सिल आहेत आणि त्यांवर लाखभर माणसं बसतात.

(दृश्य : जुन्या शाळेची इमारत, संध्याकाळ, खिडकीत उजेड.)

हे सगळं सुरू झालं १८९४ मध्ये. त्याआधी खेड्याचा कारभार व्हेस्ट्री नावाच्या चर्चच्या सभेतून चालायचा आणि तिथे शब्द चालायचा जमीनदाराचा आणि पाद्र्याचा. शेतमजुराला संसदेसाठी मताचा हक्क नुकताच, १८८४ मध्ये मिळाला होता. गावात मात्र तो अजून टोपी हातात धरूनच उभा होता. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने पॅरिश कौन्सिलांचं विधेयक आणलं, तेव्हा संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभागृहाने त्यात बदलांवर बदल सुचवले. १ मार्च १८९४ रोजी ८४ वर्षांचे ग्लॅडस्टन त्या बदलांवर बोलायला उभे राहिले. ते त्यांचं कॉमन्समधलं, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहातलं, शेवटचं भाषण ठरलं. दोन दिवसांनी त्यांनी पंतप्रधानपद सोडलं आणि ५ मार्चला कायदा झाला.

या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी बारीक आहे. पॅरिशची सभा संध्याकाळी ६ च्या आधी सुरू करायची नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला सभेला येता यावं, म्हणून. शाळेची खोली सभेसाठी फुकट मिळेल, हेही त्यातच लिहिलं. ज्याने कुणी ही कलमं लिहिली, त्याला सहा वाजता घरी परतणाऱ्या माणसाचे चिखलाने भरलेले बूट दिसत होते, असं मला वाटतं. सहाचा नियम आजही कायद्यात आहे.

आणि बायका. संसदेसाठी मत द्यायला इथल्या बाईला १९१८ उजाडावं लागलं. पण पॅरिश कौन्सिलसाठी ती १८९४ मध्येच उभी राहू शकत होती, लग्न झालेली असो वा नसो. केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट गावात जेन एस्कम निवडून आल्या. मजुरांची घरं गळकी आणि अपुरी आहेत, हा विषय त्यांनी लावून धरला. वरच्या कचेऱ्यांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. १९०० मध्ये तिथे मजुरांसाठी सरकारी पैशातून घरं उभी राहिली. पायोनियर कॉटेजेस हे त्यांचं नाव.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. चहाचा कप. उमेदवारी अर्ज.)

आता हा अर्ज. माझ्याजवळ भारतीय पासपोर्ट आहे आणि इथे कायम राहण्याचा परवाना. मी उभी राहू शकते का, हे मला माहीत नव्हतं. राहू शकते. कॉमनवेल्थ देशाच्या नागरिकाकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर त्याला स्थानिक निवडणूक लढवता येते. मत तर त्याआधीही, साध्या व्हिसावरसुद्धा देता येतं. इथल्या कितीतरी मराठी घरांत हे ठाऊक नाही. मंडळाच्या गणपतीत मी विचारून पाहिलं, तर दहा-दहा वर्षं राहिलेली माणसं म्हणाली, आपल्याला कुठलं मत? म्हणून हे इथे मुद्दाम, सावकाश सांगतेय.

वय १८ पूर्ण हवं. गावच्या मतदारयादीत नाव हवं. ते नसेल, तर वर्षभर गावात किंवा गावापासून ३ मैलांच्या आत राहणं, किंवा गावात नोकरी वा जमीन असणं पुरतं. अनामत रक्कम नाही. पक्ष लागत नाही. सूचक एक, अनुमोदक एक, दोघंही याच गावचे मतदार. त्यांचे मतदारयादीतले क्रमांक बिनचूक लिहायचे. आणि एका रकान्यात स्वतःची ओळख, जास्तीत जास्त सहा शब्दांत.

सहा शब्द! त्या रकान्यापाशी माझी संध्याकाळ गेली. शेवटी मी लिहिलं : स्थानिक रहिवासी, रोज बसने जाणारी. इंग्रजीत बरोबर सहा शब्द भरले.

बस यासाठी, की मी उभी राहिले ती बसथांब्यासाठी. डिसेंबरात इथे साडेचारला अंधार पडतो. शाळेची मुलं, सभागृहातल्या भोजनाला आलेले म्हातारे, दुकानात काम करणाऱ्या पोरी, सगळे त्या आडोशाखाली काळोखात उभे राहतात. ड्रायव्हरला माणूस दिसावा म्हणून मोबाइलचा उजेड हलवतात. एका संध्याकाळी बस तशीच पुढे निघून गेली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी काठी टेकत दोन मैल चालत घरी गेल्या. थांब्याला एक दिवा हवा. पॅरिश कौन्सिलला तो लावण्याचा अधिकार आहे. एवढंच माझं म्हणणं.

त्याच आजींनी सूचक म्हणून सही केली. अनुमोदक झाले पलीकडच्या गल्लीतले मेंढपाळ. सही करण्याआधी त्यांनी पूर्ण अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि विचारलं, "तू खरंच बैठकांना येशील ना?" हो म्हटल्यावर पेन मागितलं.

(दृश्य : फोनवर व्हिडिओ कॉल. मागे साताऱ्याकडच्या घराचा ओटा.)

मग मी बाबांना फोन लावला. बाबा आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत एकदा निवडून आले आणि एकदा पडले. चिन्ह दोन्ही वेळा छत्री. त्यांचा पहिला प्रश्न, "पॅनेल कुणाचं?" पॅनेलच नाही म्हटल्यावर दुसरा, "मग समोर कोण?" म्हटलं, "बाबा, सात जागा आहेत आणि सध्याचे सातच परत अर्ज भरतायत. मी भरला तर आठ."

बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बिनविरोध होत होतं, ते तू मोडलंस."

आपल्याकडे बिनविरोध हा मानाचा शब्द आहे, आणि त्याला कारण आहे. निवडणुकीतून भावकी फुटते, एकाच विहिरीवरची दोन घरं पाच वर्षं बोलत नाहीत. म्हणून जाणती माणसं मध्ये पडतात, आमदार बिनविरोध गावाला निधी जाहीर करतात. पण त्याच वाटेवर पुढे काय येतं, तेही आपण पाहिलंय. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाची बोली लागली आणि राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूकच रद्द केली. त्याच महिन्यात हिवरे बाजारमध्ये सुमारे तीस वर्षांनी मतदान झालं. पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. म्हणजे त्या गावाचा त्यांच्यावर विश्वास आहे, हे मतपेटीतून मोजून निघालं. मला ते तीस वर्षांच्या बिनविरोधाहून मोठं वाटतं. बाबांना हे मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. "गाव एका विचाराचं राहिलं पाहिजे," म्हणाले.

इथलं बिनविरोध वेगळं. इथे कुणी कुणाला समजावत नाही. इथे माणसंच येत नाहीत. जागा असतील तेवढेच किंवा त्याहून कमी अर्ज आले, की मतपत्रिका छापलीच जात नाही. आलेले सगळे निवडून आले, असं जाहीर होतं. उरलेल्या खुर्च्यांवर कौन्सिल आपल्या पसंतीची माणसं घेते, त्याला को-ऑप्शन म्हणतात. कितीतरी गावांत वर्षानुवर्षं असंच चाललंय. आमच्याही गावात २०१५ ला मतदान नव्हतं, २०१९ लाही नव्हतं. चार-चार वर्षांच्या दोन मुदती, आणि एकाही माणसाने मतदानाची पेन्सिल हातात घेतली नव्हती.

अर्ज हातानेच नेऊन द्यावा लागतो, पोस्टाने चालत नाही. मुदत ४ एप्रिल, दुपारी ४. माघार घ्यायची मुदतही तीच, त्याच मिनिटाची. हे मी बाबांना सांगितलं, तर ते एकदम उठून बसले. आपल्याकडे छाननी होते, मग माघारीचा दिवस असतो, आणि सगळं राजकारण त्या मधल्या दिवसांत घडतं. रात्री कुणाच्या पडवीत बैठक, कुणाला शब्द, कुणाला दम. इथे तो मधला काळच ठेवलेला नाही. घड्याळात चार वाजले की तुमचं नाव मतपत्रिकेवर पक्कं.

नावं फलकावर लागली. दुकानात एक गृहस्थ भेटले. गावाचं भलं चिंतणारा, मैदानाची झाडी स्वतः कापणारा माणूस. म्हणाले, "मतदान झालं की त्याचा खर्च आपल्याच पॅरिशच्या माथी येणार. त्या पैशात तुझा दिवा लागला असता." मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. खर्चाचं त्यांचं म्हणणं खरं होतं. पण आठ वर्षांत दिवा लागला नव्हता, तेही खरं होतं.

मी घरोघर गेले. दीडेकशे दारं. अर्ध्याअधिक लोकांना आपल्या गावाला कौन्सिल आहे हेच माहीत नव्हतं. एका बाईने विचारलं, "ते झूमवर भांडले होते, तेच ना?" ते हँडफर्थ गाव. डिसेंबर २०२० मधली त्यांची बैठक पुढच्या फेब्रुवारीत जगभर पाहिली गेली. पॅरिश कौन्सिल म्हणजे एवढंच, असं लोकांच्या मनात बसलं, याचं मला वाईट वाटतं. बाकीच्या हजारो बैठकांत माणसं गटाराच्या झाकणावर शांतपणे बोलत असतात, ते कुणी पाहत नाही.

(दृश्य : गावचं सभागृह. दारावर मतदान केंद्राची पाटी.)

४ मे. सकाळी ७ ते रात्री १०. सगळ्या इंग्लंडभर मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायची ती पहिलीच वेळ. कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो. मी माझा पुढे केला. गर्द निळा, वर तीन सिंह. टेबलामागच्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मतपत्रिका फाडून दिली. आठ नावं, आडनावाच्या अक्षरक्रमाने. चिन्हं नाहीत. प्रत्येक मतदाराला सात नावांपर्यंत फुल्या मारता येतात. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली होती, तिचं टोक बोथट झालं होतं. माझ्याआधी तिने बऱ्याच फुल्या मारल्या होत्या.

माझा नंबर आठवा आला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पडलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी गावात फिरून यायचं असतं. तोंड लपवायचं नाही." मी फिरून आले. दुकानातल्या गृहस्थांनी हात पुढे केला. तेही निवडून आले होते, या वेळी फुल्या मोजून.

(दृश्य : सभागृहाची आतली खोली. सात खुर्च्या टेबलाभोवती, मागे भिंतीलगत चार रिकाम्या.)

मागच्या त्या खुर्च्यांपैकी डावीकडची माझी. बैठकीला कुणालाही येऊन बसता येतं. १९६० च्या कायद्याने हा हक्क दिला. तो कायदा आणला होता नुकत्याच निवडून आलेल्या एका खासदारांनी, मार्गारेट थॅचर यांनी, आणि संसदेतलं त्यांचं पहिलं भाषण त्यावरच होतं. आमच्या कौन्सिलने प्रत्येक बैठकीत सुरुवातीची काही मिनिटं गावकऱ्यांसाठी ठेवली आहेत. मी उभी राहते, बसथांब्याच्या दिव्याचं विचारते, बसते. क्लार्क लिहून घेतात. दोन बैठकांपूर्वी मेंढपाळही आले, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

खांबाची किंमत मागवली आहे, असं मागच्या इतिवृत्तात आलंय. तो कागद फलकावर लागलाय. पुढची बैठक दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी साडेसातला.