माती कधी टाकताय?

श्रोतेहो, नमस्कार.

जोतिबाची चैत्री यात्रा झाली, सासनकाठ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांना रंग चढतो. आज या गावची पालखी, उद्या त्या गावचं कुस्त्यांचं मैदान. पुण्या-मुंबईची आपली माणसं रजा टाकून येतात, तांबडा-पांढरा ओरपतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. यात्रेला जेवणादिवशी जाऊ नका, चार दिवस आधी जा. चार दिवस आधी! कारण यात्रा खरी तेव्हा घडते.

मैदानाचंच बघा. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं मैदान त्यांनी बघितलं, आणि १९१२ साली कोल्हापुरात आपलं खासबाग कुस्ती मैदान उभं राहिलं. गावचं मैदान मात्र दरसाल नव्यानं उभं करावं लागतं. तांबडी माती आणायची, चाळायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळायची. आमच्या करवीर तालुक्यातल्या गावात ताक घरटी गोळा होतं. पोरं कळश्या घेऊन दारोदार फिरतात.

एका वर्षी अशीच चार दिवस राबून माती तयार केली. यात्रेचा दिवस उजाडला. दुपारी तीनला जोड्या लागायच्या होत्या, आणि अडीचला पूर्वेकडनं वळीव चढला. सोसाट्याचा वारा! माइकवरनं ओरड झाली, "ज्याच्या घरात ताडपत्री आसंल त्यानं पळत घेऊन या!" कुणी वैरणीच्या गंजीवरची ओढून आणली, कुणी गुऱ्हाळावरची. माती झाकली, पण वारा ताडपत्र्या ठरू देईना. दगड ठेवले, तेही गडगडले.

तेवढ्यात आमचे म्हातारे वस्ताद ओरडले, "बघत काय ऱ्हायलाय? झोपा तिच्यावर!"

आणि श्रोतेहो, माणसं खरंच झोपली. कडेकडेनं, पालथी. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले पाहुणे, कमिटीची माणसं, कुठल्या कुठल्या गावचे पैलवान, पुण्याहून आलेला एका घरचा जावई, सगळे एका ओळीत. मीही पडलो. पाठीवर पावसाच्या सरी, गालाला गार ताडपत्री, आणि खालनं नाकात येणारा ताकाचा-हळदीचा आंबूस वास. शेजारचा जावई दर दोन मिनिटांनी विचारायचा, "आत कोरडी असेल ना हो?" तोवर त्यानं यात्रेतलं फक्त ताट बघितलं होतं. त्या दिवशी त्याला मातीची काळजी लागली.

अर्धा तास पाऊस कोसळला. थांबला तसे वस्ताद ताडपत्रीखाली हात घालून चारी कडा चाचपत फिरले. मग मधली माती मूठभर उचलली, दाबली. लाडू झाला. त्यात बोट टोचलं. लाडू फुटला. अशीच लागते माती, मुठीत धरावी आणि बोटानं सुटावी. वस्तादांनी नुसती मान हलवली, आणि हलगी कडाडली.

    

कडेची माती मात्र भिजलीच होती. घराघरातनं भाताचा कोंडा आला, तो तिच्यावर पसरला. साडेपाचला पहिली कुस्ती लागली, दोन बारकी पोरं, बक्षीस एक नारळ. अंधार पडला तसे ट्रॅक्टर गोल उभे करून त्यांचे दिवे लावले, आणि शेवटची कुस्ती त्या उजेडात निकाली झाली. पुण्याचा जावई चिखलानं माखलेल्या कपड्यांत पुढच्या रांगेत बसला होता. आता तो दरसाल चार दिवस आधी येतो आणि चाळण धरतो.

तुमच्या गावची यात्रा अजून व्हायची असेल, तर आजच गावाकडं फोन करा. जेवण कधी आहे ते विचारू नका. विचारा, माती कधी टाकताय? नमस्कार.