एडिर्नेतलं उलटं फूल

श्रोतेहो, नमस्कार.

तुर्कस्तानला जाऊन आलेला माणूस इस्तंबूलचं कौतुक सांगतो, नाहीतर कापादोक्याच्या बलूनचे फोटो दाखवतो. मी आज एडिर्नेबद्दल बोलणार आहे. नाव पुन्हा सांगते, एडिर्ने. इस्तंबूलहून बसनं अडीच-तीन तास, ग्रीस आणि बल्गेरियाच्या सीमेला अगदी खेटून. उन्हाळ्यात वाटेत दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं लागतात. 1453 मध्ये इस्तंबूल जिंकेपर्यंत ऑटोमन सुलतानांची राजधानी इथेच होती.

इथली मुख्य इमारत म्हणजे सेलिमिये मशीद. मिमार सिनान या वास्तुविशारदानं ती 1568 ते 1575 या काळात बांधली, तेही उतारवयात. आठ खांबांवर तोललेला, एकतीस मीटरहून जास्त रुंद घुमट आणि चार कोपऱ्यांना सत्तर मीटरच्या आसपासचे चार मिनार. ज्याच्यासाठी बांधली तो सुलतान दुसरा सेलीम ती पुरी व्हायच्या आधीच वारला.

पण मला सांगायचंय ते माझ्या मावशीचं. मावशी साताऱ्याकडची. तिच्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा हायवेत गेला आणि मोबदल्यासाठी तिनं वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. बसमध्ये मी तिला सेलिमियेची दंतकथा सांगितली. मशिदीच्या जागेवर म्हणे एका बाईची ट्यूलिपची बाग होती. बाई जमीन द्यायला तयार होईना. शेवटी कबूल झाली, पण मशिदीत माझ्या फुलाची खूण ठेवा, या अटीवर. सिनाननं फूल कोरलं, पण उलटं. का, तर बाई उलट्या डोक्याची होती!

झालं. मावशी उसळली. "उलट्या डोक्याची? जमीन तिची, अन् उलटी तीच?"

आत गेल्यावर माणसं मान वर करून घुमट बघत होती. बघावाच असा आहे. मावशी मात्र खाली बघत चाललेली. घुमटाच्या बरोबर मधोमध एक बुटका चौथरा आहे, त्याखाली छोटं कारंजं, आणि चौथऱ्याला संगमरवरी खांब. ती एकेक खांब चाचपत फिरली. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला तिनं बोटांची कळी करून दाखवली आणि ती खाली वळवली. तो हसला आणि एका कोपऱ्यातल्या खांबाकडे घेऊन गेला. फूल एवढंसं, हाताच्या पंजात मावेल इतकं, देठ वर आणि पाकळ्या खाली. हात लावून लावून तिथला दगड गुळगुळीत झालाय.

मावशीनं चष्मा पुसून ते नीट न्याहाळलं. मला वाटलं, आता भांडणार. म्हणाली, "बरा मोबदला मिळाला की गं हिला. साडेचारशे वर्षं झाली, लोक हिचंच फूल हुडकत येतात. आपल्या जमिनीवर काय आहे? टोलनाका!"

(जाता जाता एक. बसमधून उतरून पाऊण तासात सगळं 'करून' परत चढणारे लोक मला कळतच नाहीत. त्यांनी घरी बसून टीव्हीवर बघावं.)

आता खाणं. एडिर्नेत गेलात की तव्यातली कलेजी खायची. पुन्हा सांगते, तव्यातली कलेजी, तुर्की नाव 'तावा जियेर'. वासराची कलेजी पानासारखी पातळ कापायची, धुऊन घ्यायची, पिठात घोळवायची आणि सूर्यफुलाच्या कडकडीत तेलात झटपट तळायची. मसाला शून्य. आपण कलेजीला मसाल्यात बुडवून तिची चवच घालवतो, असं माझं मत आहे. घरात कुणाला पटत नाही. सोबत कांदा, टोमॅटो आणि तेलात कुरकुरीत तळलेल्या वाळक्या लाल मिरच्या. प्यायला आयरान, म्हणजे खारं ताक, पण आपल्यापेक्षा दाट.

तुंजा नदीकाठी सुलतान दुसऱ्या बायझीदचा 1488 चा दवाखाना आहे, तिथे मनोरुग्णांवर संगीत आणि पाण्याच्या आवाजानं उपचार करत. आता ते संग्रहालय आहे, चुकवू नका. आणि कुस्तीचे शौकीन असाल, तर उन्हाळ्यात किर्कपिनारच्या स्पर्धा गाठा. कातडी चोळणा घातलेले, अंगाला तेल माखलेले पैलवान गवतावर लढतात. आपल्या कोल्हापूरकरांना लाल माती नसल्याचं तेवढं खटकेल.

कलेजी मात्र दुपारीच खा, तव्यातून थेट ताटात. मिरच्या संपल्या तर आणखी मागा. मावशीनं दोनदा मागितल्या, वाढप्यानं दोन्ही वेळा हसत आणून दिल्या.